कोंबडीच्या पोटातले जंत

आपल्या वऱ्हाडात कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. अमरावतीहून नागपूरकडे जाताना रस्त्यावर गुरुकुंज मोझरी लागते. त्याच्या आजूबाजूच्या कोणत्याही खेड्यात जा. सांदवाडीत चार-पाच कोंबड्या दिसतात. एखादा कोंबडा असतो. खुडूक उठलेल्या कोंबडीच्या मागे पिल्ले पळत असतात.

या कोंबड्यांना फारसा खर्च नाही. सकाळी मूठभर ज्वारी टाकली की झाले. बाकीचे पोट त्या उकिरड्यावर, कोठ्यात आणि धुऱ्यावर भरतात. अंडी विकून चार पैसे येतात. हे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती असतात. त्यातून मीठ-मिरची येते. लेकराची वही-पेन्सिल येते. अडीनडीला एक कोंबडा विकला तर दवाखान्याचा खर्च निघतो. म्हणून कोंबडी लहान असली तरी तिची काळजी लहान समजू नये.

कधी कधी शेजारीण विचारते, "काय व बाई, तुह्या कोंबड्या अशा काहून वाळल्या?"

"काय सांगू माय! दाणे तं रोज टाकतो. पण खाल्लेलं अंगी लागतच नाही."

खाल्लेले अंगी लागत नाही, कारण खाणारे दुसरेच कोणी पोटात बसले आहे. ते म्हणजे जंत. जंत कसे येतात, ते कसे ओळखावे आणि त्यांना कसे घालवावे, हे आपण या पाठात पाहू.

जंत किती प्रकारचे?

कोंबडीच्या पोटात मुख्यतः तीन प्रकारचे जंत असतात.

पहिला मोठा गोल जंत. हा पांढरट असतो. शिजलेल्या शेवईसारखा दिसतो. नर आखूड, मादी लांब. मादी ७ ते १२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बोटाएवढी किंवा त्याहून लांब असते. हा जंत कोंबडीच्या लहान आतड्यात राहतो. आपल्याकडच्या मोकळ्या कोंबड्यांत हा नेहमी आढळतो.

दुसरा बारीक जंत. याचे दोन-तीन प्रकार आहेत. एक एक-दीड सेंटिमीटर लांब असून आतड्याच्या शेवटच्या पिशव्यांत राहतो. दुसरा केसासारखा बारीक असतो. तो डोळ्यांना सहज दिसत नाही, पण कोंबडीला फार त्रास देतो.

तिसरा चपटा जंत. याला पट्टकृमी म्हणतात. हा फितीसारखा असतो. त्याचे अंग लहान लहान तुकड्यांचे बनलेले असते. मागचे तुकडे तुटून शिटेबरोबर बाहेर पडतात. ताज्या शिटेवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे काही दिसले, तर तो पट्टकृमीचा तुकडा असू शकतो.

जंत येतात कोठून?

पुष्कळांना वाटते, जंत गोड खाण्याने होतात. कोणी म्हणते, शिळे खाण्याने होतात. हे खरे नाही. जंताच्या अंड्यापासूनच जंत होतो. अंडे पोटात गेल्यावाचून पोटात जंत होत नाही.

मोठ्या गोल जंताचे पाहा. त्याची मादी कोंबडीच्या आतड्यात हजारो अंडी घालते. ही अंडी इतकी लहान असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती शिटेबरोबर अंगणात पडतात. पडल्याबरोबर ती धोक्याची नसतात. ओल आणि ऊब मिळाली की दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या काळात अंड्याच्या आत बारीक अळी तयार होते. आता ते अंडे धोक्याचे झाले.

कोंबडी जमीन उकरते. दाण्याबरोबर ते अंडे टिपते. गांडूळ मातीबरोबर असे अंडे गिळते, आणि कोंबडी ते गांडूळ खाते. कसेही करून अंडे पोटात गेले की आतली अळी बाहेर निघते. काही दिवस ती आतड्याच्या अस्तरात शिरून बसते. तेथे जखमा होतात, रक्त जाते. मग ती परत आतड्यात येते, वाढते आणि पाच ते आठ आठवड्यांत पूर्ण जंत होते. मग तीही अंडी घालू लागते.

असा हा रहाट फिरत राहतो. कोंबडीच्या पोटातून अंगणात, अंगणातून परत कोंबडीच्या पोटात.

पट्टकृमीची वाट थोडी वेगळी आहे. त्याची अंडी आधी मुंगी, शेणकिडा, माशी किंवा गोगलगाय खाते. त्यांच्या पोटात अळी तयार होते. तो किडा कोंबडीने टिपला की पट्टकृमी कोंबडीच्या पोटात जातो. म्हणून जेथे शेणाचे ढीग, माश्या आणि किडे फार, तेथे हा जंतही फार.

जंताची अंडी सावलीत आणि ओल्या जागी महिनोन् महिने जिवंत राहतात. कडक ऊन आणि कोरडी जागा त्यांना सोसत नाही. आपल्या वऱ्हाडातले वैशाखातले ऊन उघड्या अंगणातली पुष्कळ अंडी मारते. पण खुराड्याच्या कोपऱ्यात, रांजणाच्या बुडाशी, न्हाणीच्या ओलीत ती टिकून राहतात. पाऊस लागला की सगळीकडे ओल होते. म्हणून पावसाळ्यात जंतांचा जोर वाढतो.

जंत ओळखावे कसे?

पुढील खुणा पाहा.

कोंबडीचा तुरा फिका पडतो. लाल तुरा गुलाबी किंवा पांढुरका दिसतो.

ती खाते, पण वाळत जाते. छातीवर हात फिरवा. मधले हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागले, तर कोंबडी फार वाळली असे समजा.

पंख गळतात. पिसे विस्कटलेली दिसतात. कोंबडी एकीकडे डोळे मिटून उभी राहते.

पातळ शीट होते. कधी शिटेत जंत दिसतो.

अंडी कमी होतात. पिल्ले वाढत नाहीत. एकाच वेळी निघालेल्या पिल्लांत काही मोठी आणि काही खुरटलेली दिसतात.

तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना सगळ्यांत जास्त त्रास होतो. त्यांचे आतडे लहान असते. जंतांचा गोळा झाला तर आतडे बंद होते आणि पिल्लू मरते. मोठी कोंबडी मात्र पोटात जंत असूनही वरून धडधाकट दिसते. ती स्वतः मरत नाही, पण तिच्या शिटेतून पिल्लांना जंत मिळतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आणखी एक सोपी रीत आहे. घरी खाण्यासाठी कोंबडी कापली, तर तिचे आतडे फेकण्याआधी उभे चिरून पाहा. आत जंत दिसले, तर बाकीच्या कोंबड्यांच्या पोटातही ते असणार. पाहून झाल्यावर ते आतडे खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकू नका.

सर्वांत खात्रीची रीत म्हणजे शीट तपासणे. सकाळी चार-पाच कोंबड्यांची ताजी शीट स्वच्छ डबीत घ्या. त्याच दिवशी ती जनावरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर सूक्ष्मदर्शक यंत्रातून जंतांची अंडी पाहू शकतात. कोणता जंत आहे हे कळले, म्हणजे कोणते औषध द्यायचे हेही कळते.

प्रत्येक आजार जंताचा नव्हे

येथे सावध राहिले पाहिजे. जंताने कोंबडी हळूहळू वाळते. एका रात्रीत साऱ्या कोंबड्या मरत नाहीत.

पिल्लांना रक्ताची हगवण लागली, तर तो बहुधा रक्ती हगवणीचा रोग असतो. त्याचे औषध वेगळे. जंताच्या औषधाने तो बरा होत नाही.

कोंबडी मान वाकडी करते, हिरवी पातळ शीट होते, धाप लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. ही मानमोडी. तिलाच रानीखेत म्हणतात. ती झाल्यावर औषध नाही. आधी लस टोचणे हाच उपाय आहे.

कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या, तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका. तिला कापू नका, खाऊ नका, विकू नका. लगेच दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे बर्ड फ्लूचा रोग आला होता. तेव्हा रोग पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. वेळेवर कळवले तर पुढचे नुकसान कमी होते.

तुरा फिका दिसला, तर पिसांखालीही पाहा. उवा, गोचीड किंवा पिसवा रक्त पीत असतील, तरीही तुरा फिका पडतो.

औषध कोणते?

पूर्वी लोक तंबाखूची पूड देत. कोणी पळसपापडी देत. पळसाच्या बियांत जंतांवर चालणारा गुण आहे, हे खरे. पण किती द्यावी याचे माप सापडत नाही. कमी पडली तर जंत जात नाहीत. जास्त झाली तर कोंबडीलाच बाधते. तंबाखू तर विषच आहे. आता मापाची औषधे मिळत असताना असा धोका घेऊ नये.

पायपेराझिन हे औषध १९५० नंतरच्या काळात पुष्कळ वापरात आले. ते मोठ्या गोल जंताला गुंगी आणते. मग जंत आतड्याला धरून राहू शकत नाही आणि शिटेबरोबर बाहेर पडतो. पण बारीक जंत आणि पट्टकृमी यांवर ते कामाचे नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही औषधे गोल आणि बारीक जंतांवर चालतात. पट्टकृमीसाठी डॉक्टर निराळे औषध किंवा निराळे माप सांगतात. म्हणून शेजारणीने आणले तेच औषध आपणही आणले, असे करू नका. आधी विचारा.

बाटलीवरचे आकडे वाचा

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. त्याचा उपयोग येथे करा.

एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या जोराच्या असतात. एका बाटलीवर २.५ टक्के लिहिलेले असते. दुसऱ्या बाटलीवर १० टक्के असते. नाव एक, रंगही एकसारखा. पण दुसरे औषध पहिल्याच्या चौपट जोराचे आहे.

हिशेब असा. २.५ टक्के म्हणजे १ मिलिलिटरात २५ मिलिग्रॅम औषध. १० टक्के म्हणजे १ मिलिलिटरात १०० मिलिग्रॅम औषध.

समजा, डॉक्टरांनी सांगितले की एक किलो वजनाला १० मिलिग्रॅम द्या. आपली कोंबडी दीड किलोची आहे. म्हणजे तिला १५ मिलिग्रॅम औषध हवे. बाटली २.५ टक्क्यांची असेल, तर १५ भागिले २५, म्हणजे ०.६ मिलिलिटर द्यावे लागेल. बाटली १० टक्क्यांची असेल, तर १५ भागिले १००, म्हणजे ०.१५ मिलिलिटर पुरे. कोणी न वाचता १० टक्क्यांच्या बाटलीतून ०.६ मिलिलिटर पाजले, तर कोंबडीला चौपट औषध गेले.

हा हिशेब समजण्यासाठी दिला आहे. तुमच्या कोंबडीचे खरे माप डॉक्टरांकडून घ्या. बाटलीवरचे आकडे इंग्रजी असतील, तर दवाखान्यातून चिठ्ठीवर मराठीत लिहून मागा. मागायला लाजू नका. ती चिठ्ठी बाटलीला दोऱ्याने बांधून ठेवा.

बाटलीवर आणखी दोन गोष्टी वाचा. एक, औषधाची मुदत कधी संपते. दुसरी, औषध दिल्यावर किती दिवस अंडी आणि मांस खाऊ नये. तितके दिवस ती खाऊ नका आणि विकूही नका. बाटलीवर हे लिहिलेले नसेल, तर डॉक्टरांना विचारा.

औषध पाजण्याची रीत

कोंबड्या थोड्या असतील, तर एकेकीला पाजणे चांगले. अशक्त कोंबडी पाणी कमी पिते. पाण्यात औषध टाकले तर जिला जास्त गरज, तिलाच ते कमी मिळते.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्या की दार लावा. सकाळी दाणे टाकण्याआधी एकेक बाहेर काढा. ताजव्याने वजन करा. बाटली चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसते. सुई काढलेल्या पिचकारीत मापाने औषध घ्या. एकाने कोंबडी कुशीत धरावी. दुसऱ्याने चोच हळूच उघडून बाजूने थेंब थेंब सोडावे. जिभेच्या मागे श्वासाचे छिद्र असते. तेथे एकदम धार सोडली तर औषध श्वासात जाते आणि कोंबडी गुदमरते.

कोंबड्या पुष्कळ असतील, तर डॉक्टर पाण्यातून देण्याचे औषध सांगतील. तेव्हा औषधाचे पाणी थोडेच करा. ते सकाळच्या दोन-तीन तासांत संपले पाहिजे. उन्हाळ्याच्या दिवसांत कोंबड्यांना पाण्यावाचून ताटकळत ठेवू नका. उन्हाने त्या मरतात.

एक गोष्ट कधीही करू नका. कपाशीवर फवारण्याचे औषध कोंबडीला पाजू नका आणि अंगाला लावू नका. त्या बाटलीचे झाकणही माप म्हणून वापरू नका. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे माणसाला मारते, ते कोंबडीला काय सोडेल? औषध लावलेले रंगीत बियाणेही कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

औषधानंतरचे काम

एखादी बाई दवाखान्यात येऊन म्हणते, "डॉक्टरसाहेब, औषध पाजलं. पण दोन महिन्यांत पुन्हा तसंच झालं."

"औषध पाजल्यावर खुराडं झाडलं का, बाई?"

"नाही जी."

"मग जंत पोटातून निघाले आणि अंगणात पडले. त्यांची अंडी कोंबड्यांनी परत टिपली."

म्हणून औषध दिल्यावर एक-दोन दिवस कोंबड्या खुराड्यात किंवा डाल्याखाली ठेवा. तेथेच दाणा-पाणी द्या. जी शीट पडेल ती गोळा करून खड्ड्यात पुरा. मगच कोंबड्या मोकळ्या सोडा. औषधाने पोटातले मोठे जंत जातात. कोवळ्या अळ्या कधी कधी वाचतात, आणि अंगणातल्या अंड्यांना तर औषध पोचतच नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा औषध द्यावे की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

जंत पुन्हा होऊ नयेत म्हणून

ग्रामसफाई हा शब्द मोझरीच्या माणसाला नवा नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला, तेव्हापासून या भागात हाती झाडू घेऊन गाव झाडण्याची रीत आहे. तोच झाडू खुराड्यापर्यंत नेला पाहिजे.

रोज सकाळी खुराडे झाडा. जंताच्या अंड्यात अळी तयार व्हायला निदान दहा दिवस लागतात. शीट रोज उचलली, तर अंडे धोक्याचे होण्याआधीच बाहेर जाते. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा तरी झाडाच.

शीट उघड्यावर टाकू नका. खताच्या खड्ड्यात टाकून वरून माती किंवा काडीकचरा घाला. खत चांगले तापले की अंडी मरतात आणि शेतालाही उत्तम खत मिळते.

खुराडे जमिनीवर ठेवण्यापेक्षा बांबूच्या मचाणावर करा. फटींतून शीट खाली पडते आणि कोंबडीचे पाय तिच्यात राहत नाहीत.

जमीन कोरडी ठेवा. चुना टाकला तर जागा कोरडी राहते. पण चुन्याने किंवा फिनेलने जंतांची सारी अंडी मरतात, असे समजू नका. उकळते पाणी आणि कडक ऊन हे त्याहून चांगले. उन्हाळ्यात खुराडे मोकळे करून दोन-चार दिवस उन्हात ठेवा.

दाणे जमिनीवर फेकू नका. परातीत किंवा टोपल्यात टाका. पाण्याचे भांडे विटेवर ठेवा, म्हणजे त्यात शीट पडणार नाही.

लहान पिल्ले मोठ्या कोंबड्यांच्या जागेत राहू देऊ नका. त्यांची आई सोडून बाकीच्यांपासून त्यांना वेगळे ठेवा.

हिरवा पाला खाऊ घाला. शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास यांनी अंगात जोर येतो. पोसलेली कोंबडी जंतांना जास्त तोंड देते.

औषध केव्हा द्यावे?

पिल्ले दीड ते दोन महिन्यांची झाली की डॉक्टरांना विचारून पहिले औषध द्या. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना पुढे दर दोन-तीन महिन्यांनी द्यावे लागते. सण आणि नक्षत्रे ध्यानात ठेवली तर वेळ चुकत नाही. मृग लागण्याआधी एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा, दिवाळीत एकदा आणि होळीच्या आधी एकदा. मानमोडीची लस टोचायची असेल, तर त्याआधी आठ दिवस जंताचे औषध द्या. जंत गेलेल्या कोंबडीला लस जास्त लागू पडते.

गावातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात औषध दिले तर फार चांगले. कोंबडी शेजाऱ्याचे कुंपण मानत नाही. एका घरी औषध आणि चार घरी नाही, तर जंत परत येतात. महिला मंडळाने किंवा बचत गटाने एक दिवस ठरवावा. तालुक्याच्या दवाखान्यात आधी सांगून ठेवावे. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही जनावरांच्या डॉक्टरची मदत मागता येते.

लेकरांना भीती आहे का?

कोंबडीचे हे जंत माणसाच्या पोटात राहत नाहीत. चांगले शिजवलेले मांस आणि अंडी खायला हरकत नाही. पण शिटेत दुसरे रोगजंतू असतात. म्हणून खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवा. लेकरांनाही ती सवय लावा.

थोडा हिशेब

समजा, घरी ५ गावठी कोंबड्या आहेत. एक कोंबडी वर्षाला ६० अंडी देते. एकूण अंडी ३००. जंतांमुळे चौथा हिस्सा घटला, तर ७५ अंडी बुडाली. आपल्या गावच्या भावाने ७५ला गुणा. मग औषधाच्या बाटलीची किंमत विचारा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. औषध महाग की जंत महाग, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

लक्षात ठेवा

१. जंत अंड्यापासून होतात. अंडी शिटेतून पसरतात.
२. मोठी कोंबडी धडधाकट दिसली तरी तिच्या पोटात जंत असू शकतात.
३. औषध वजनाप्रमाणे द्या. बाटलीवरचा टक्क्यांचा आकडा वाचल्याशिवाय देऊ नका.
४. औषधानंतरची शीट पुरा.
५. रोज झाडलेले, कोरडे खुराडे हे निम्मे औषध आहे.

उत्तरे द्या

१. जंताचे अंडे शिटेबरोबर पडल्यावर किती दिवसांनी धोक्याचे होते?
२. मानमोडी आणि जंत यांत फरक कसा ओळखाल?
३. कोंबडी १ किलोची आहे. डॉक्टरांनी किलोला १० मिलिग्रॅम सांगितले. बाटली २.५ टक्क्यांची आहे. किती मिलिलिटर औषध द्याल?
४. तुमच्या घरी औषधाची बाटली असेल, तर तिच्यावरची मुदत वाचून वहीत लिहा.